एकशे चाळीस टाक्यांचा मोजा

हसायचं असेल तर पोटभर हसा, माझी काही तक्रार नाही. फक्त आमच्या अक्कांसमोर हा विषय काढू नका. मी जे केलंय ना, ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात माझ्या. आणि केलं काय? तर एक मोजा विणायला घेतला. लहान बाळाचा मोजा, तुमच्या अंगठ्याएवढा! त्यावरून एका धडधाकट बाईला मी डॉक्टरच्या दारात नेऊन बसवलं.

अक्का म्हणजे माझ्या सगळ्यात मोठ्या नणंदबाई. नरडाण्याजवळच्या खेड्यात असतात, मुलाकडे. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून आमच्या ह्यांना अक्कांनीच वाढवलं. त्यामुळे आमच्या घरी अक्कांचा शब्द शेवटचा. अक्का म्हणाल्या, आज गुरुवार, की आम्ही कॅलेंडरसुद्धा बघत नाही.

या अक्का मोजे विणतात. तुम्ही म्हणाल, जळगाव-धुळ्याच्या उन्हात मोजे? अहो, आमच्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, पण हिवाळ्यातली पहाट कोणी बघितलेली नसते. नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. आणि आमच्या घराण्यात रीतच आहे, बारशाच्या दिवशी बाळाच्या पायात अक्कांच्या हातचे मोजे. ह्यांच्या चुलतभावांपासून माझ्या प्राचीपर्यंत सगळे त्याच मोज्यांत पाळण्यात गेले. आता प्राचीला मुलगी झाली. बाळंतपणाला ती माझ्याकडेच, जळगावात, पिंप्राळ्याला. सव्वा महिन्याने बारसं धरलं. आणि अक्कांचा फोन आला.

"मंदा, कशी शे पोर?"

"छान आहे अक्का. मोजे कधी पाठवताय?"

मग म्हणाल्या, "मना हात आते चालत नही वं माय. बोटं वळत नही. यंदा तू ईन. मी सांगस, तू लिखी ले."

आता बघा, अक्कांना तीन भाच्या, दोन पुतण्या, एक सख्खी सून. त्यातून त्यांनी मला निवडलं! ज्या मोज्यांचा नमुना आजपर्यंत कुठल्याच कागदावर उतरला नव्हता, तो मला सांगणार होत्या. मला इतकं भरून आलं की मला मोजे विणता येत नाहीत हे सांगायचंच राहिलं.

म्हणजे विणकाम येतं. शाळेत मफलर विणला होता. पण मफलर सरळ असतो, त्याला टाच नसते.

वही घेतली, पेन घेतलं, फोन कानाला लावला. अक्का सांगायला लागल्या. त्यांचं बोलणं अहिराणी, त्यात पुढचे दात नाहीत, त्यात मागे भगवानची, म्हणजे त्यांच्या मुलाची, मोटारसायकल सुरू होत नव्हती. मी जसं ऐकलं तसं सांगते हं.

"बात एकशे चाळीस टाका घाल. मंग बात एकशे वीस वळी सुलट-उलट ईन. मंग टाचले बात एकशे दहा टाका बाजूले ठेव. समजनं का?"

"समजलं अक्का!"

आणि मी लिहिलं. अक्षरांत नाही बरं का, आकड्यांत. टाके १४०. ओळी १२०. टाच ११०. खाली दोन रेघा ओढल्या. ते 'बात' काही मी मनावर घेतलं नाही. अक्कांना बोलताबोलता बात बात करायची सवयच आहे.

तुम्ही म्हणाल, बाळाच्या मोज्याला एकशे चाळीस टाके? बाई, तुझं डोकं कुठे होतं? अहो, मलाही वाटलं ना! पण अक्कांची वीण फार बारीक, हे सगळं घराणं सांगतं. म्हटलं, त्याचं रहस्य हेच असणार. म्हणून पिवळी लोकर त्यातल्या त्यात बारीक आणली, दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुया आणल्या आणि बसले टाके घालायला.

एकशे चाळीस टाके तीन सुयांवर वाटायचे आणि चौथीने विणायचे. या सुईवरचे विणावेत तर त्या सुईवरचे घसरून पडतात. पाचसहा दिवस मी ना फोन घेतला, ना मालिका बघितली. चाळीस-पन्नास ओळी झाल्या आणि शेजारच्या सोनवणेबाई आल्या.

"अय्या, उशीचा अभ्रा का?"

"हो," म्हटलं मी. काय सांगणार?

संध्याकाळी हे आले. त्यांनी ते उचललं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि डोक्यात घातलं. आणि अहो, फिट्ट बसलं! जणू त्यांच्याच मापाने विणलेलं. आरशात बघून म्हणतात, "छान झालीय टोपी. मोज्यांचं काय झालं?"

प्राची हसून हसून पोटाला हात लावून बसली. मी ते त्यांच्या डोक्यावरून ओढून काढलं आणि सगळं उसवलं.

पुन्हा घातले. वाटलं, मी सैल विणते, घट्ट विणायला हवं. इतकं घट्ट विणलं की सुई टाक्यात शिरेना, बोटाला घट्टे पडले. तरी ती टोपीच. फक्त थोडी लहान, ह्यांच्या कपाळावर वळ उठवणारी. पुन्हा उसवलं. लोकरीला आता केस फुटायला लागले होते.

आता सरळ अक्कांना विचारावं की नाही? 'अक्का, बाळाच्या मोज्याऐवजी तुमच्या भावाची टोपी होतेय' असं? पण ज्या बाईने तीन भाच्यांना डावलून मला निवडलं, तिला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी हुशारी केली. माझ्या आयुष्यात मी जेव्हा जेव्हा हुशारी केली आहे ना, तेव्हा तेव्हा घरातल्यांना त्रास झाला आहे.

फोन लावला आणि म्हटलं, "अक्का, वहीवर पाणी सांडलं हो. पुन्हा एकदा सांगता?"

"बात एकशे चाळीस टाका घाल..." अक्कांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. अक्षराचाही फरक नाही.

म्हणजे माझं लिहिलेलं बरोबर! तिसऱ्यांदा घातले. तिसऱ्यांदा उसवले. तेवढ्यात बारसं बारा दिवसांवर आलं. शेवटी पुन्हा फोन केला. त्या दिवशी अक्का घाईत होत्या, कोणाच्या तरी घरी पापड लाटायला निघाल्या होत्या.

"काय वं? आखो काय शे?"

"अक्का, तेवढे टाके सांगा ना."

"चाळीस!"

"चाळीस?"

"चाळीस टाका, वीस वळी. टाचले दहा. कितलांदा सांगू तुले?" आणि फोन बंद.

मी वही उघडली आणि आजचेही आकडे खाली लिहिले. परवा एकशे चाळीस, आज चाळीस. परवा एकशे वीस, आज वीस. टाचेचे एकशे दहा, त्याचे दहा झाले! प्रत्येक वेळी शंभर गायब!

आणि मला लख्ख उमगलं. म्हणजे मला तसं वाटलं. अक्का विसरायला लागल्या होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, खरंच. स्वतःच्या हातच्या मोज्यांचे टाके विसरल्या! मी ह्यांना हळूच बाजूला घेतलं.

"अहो, अक्कांचं काही खरं नाही."

"का? काय झालं?"

"त्यांना आठवत नाही. शंभरशंभरचा फरक पडतोय."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी लगेच भगवानला फोन लावला, स्पीकरवर. भगवान आधी म्हणाला, "नाही मामा, आई चांगली आहे." मग मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मामी, आता तुम्ही म्हणताय म्हणून आठवलं. काल भाजीत मीठ नव्हतं."

झालं! मीठ नव्हतं म्हणजे काय, विचारायलाच नको.

मी काय केलं असेल? गप्प बसायला हवं होतं ना? मी घराण्याच्या ग्रुपवर लिहिलं. 'अक्कांची स्मृती जरा कमी होत आहे. सर्वांनी त्यांच्याशी प्रेमाने बोलावे.' खाली हात जोडलेले. मला वाटलं, मी केवढी काळजी घेतेय!

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. कोणाला आठवलं, अक्कांनी मागच्या लग्नात दोन जुळ्या भावांना एकमेकांच्या नावाने हाक मारली होती. कोणी म्हणालं, मला त्यांनी दोनदा चहा विचारला होता. शिरपूरच्या काकूंनी तर बोलून पाठवलं, रडतच: "माय वं, इतली हुशार बाई, कशी व्हयी गई!" अक्कांकडे साधा फोन, त्या ग्रुपवर नाहीत. सगळं घराणं त्यांच्यासाठी हळहळत होतं आणि अक्का तिकडे पापड लाटत होत्या.

तिसऱ्या दिवशी धुळ्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लागला. आम्ही दोघं जळगावहून एसटीने गेलो. भगवान अक्कांना घेऊन आला. त्यांना सांगितलं होतं, डोळे तपासायचेत. अक्का नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू बी उनी? इतला लोक एक डोयासाठे?"

डॉक्टर साधारण चाळिशीचे, शांत. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार. तुनाकडे कॅलेंडर नही का?"

"शंभरातून सात-सात वजा करत सांगा बरं."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न..." अक्का थांबेनातच. डॉक्टर मोबाईलवर ताळा करत होते, तेच मागे पडले. अहो, जिने जन्मभर टाके मोजले, तिला हे काय सांगता! खाली दोनपर्यंत जाऊन अक्का म्हणाल्या, "आते शे का आखो काही? डोया कवय तपासशी?"

डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं. "मग नेमकं काय विसरतात या?"

हे माझ्याकडे बघायला लागले. भगवान माझ्याकडे बघायला लागला. मी पर्समधून वही काढली आणि अक्कांच्या देखत, त्यांच्यासमोर बसून, सगळं सांगितलं. एकशे चाळीसचे चाळीस कसे झाले ते. तारखा घालून लिहिलं होतं हो मी! शाळेतही एवढा नीट तक्ता केला नव्हता.

मी बोलत होते आणि अक्कांचा चेहरा बदलत गेला. त्यांना कळलं, हे डोळ्यांचे डॉक्टर नाहीत. त्यांनी माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघितलं. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्या भावाकडे.

"भाऊ, मी येडी शे म्हनीसन आनं का माले अठे?"

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, या खुर्चीसकट खाली जावं.

डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, "आजी, ते सोडा. मला सांगा, मोजा कसा विणायचा? जसं फोनवर सांगितलं, तसंच."

अक्का सावरून बसल्या. उजवा हात पुढे केला. वाकडं झालेलं एक बोट वर धरलं.

"बात एक शे."

थांबल्या. बोट खाली घेतलं. मग दोन्ही हात सुया धरल्यासारखे केले.

"चाळीस टाका घाल."

पुन्हा एक बोट वर. "मंग बात एक शे." बोट खाली. "वीस वळी ईन."

डॉक्टरांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते धुळ्याचेच, त्यांना माझ्या आधी कळलं. आणि मग मला कळलं.

बात एक शे. एक गोष्ट आहे. एक गोष्ट लक्षात ठेव! आपण नाही का म्हणत, 'एक सांगते हं', तसं! अहो, 'आहे'ला 'शे' म्हणतात हे मला काय माहीत नाही? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माहेर दीपनगरचं, वडील वीजकेंद्रात, कॉलनीत सगळे पुस्तकातलं मराठी बोलणारे, हे खरं. पण रोज ऐकतेय की 'शे'! पाहुण्यांना कौतुकाने समजावून सांगते, की आमच्याकडे असं म्हणतात. फक्त त्याच्यामागे आकडा आला आणि माझ्या डोक्याने त्याचं शंभर केलं. समोर असते तर ते बोट तरी दिसलं असतं. फोनवर बोट दिसत नाही.

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीपनगर."

"तरीच," म्हणाले, आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "आजी ठणठणीत आहेत."

बाहेर आल्यावर मी वाकून अक्कांचे पाय धरले. तिथेच, बाकावर सात-आठ पेशंट बघत असताना. "अक्का, माफ करा."

अक्कांनी आधी नवीन लुगड्याचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "माफी राहू दे. किती ईनं आतेलगून?"

"काहीच नाही. तीनदा उसवलं."

"मंग चाल. मी येस जळगावले. आते डोयासमोर ईन."

आणि आल्या. आठ दिवस माझ्याशेजारी पलंगावर बसून राहिल्या. हात चालत नव्हते, पण नजर अशी, की माझा टाका सुटायच्या आधी त्या "हं!" म्हणायच्या. त्या केस फुटलेल्या लोकरीचे मी चौथ्यांदा टाके घातले. चाळीस. बाई गं, चाळीस टाके किती थोडे असतात! टाच वळवताना दोनदा चुकले, दोनदा उसवलं, पण बारशाच्या आदल्या दिवशी दोन मोजे तयार झाले. एक किंचित मोठा आहे. प्राची म्हणते, डावा. मी म्हणते, उजवा.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला हसतहसत सांगितलं असतं. पण बारसं व्हायचं होतं ना!

पाहुणे आले. सगळे ग्रुपवाले. येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे नाही, अक्कांकडे गेला. आणि बोलणं कसं? हळू हळू, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

"अक्का! मी! कोण! ओळखलं का?"

"तू सुमन. तुना लगीनमा तुनी चप्पल चोरी गयथी. वरडस काब्र?"

तरी सुमन डोळे पुसत बाजूला झाली. म्हणे, जुनं आठवतं, नवीनच आठवत नाही, हेच तर लक्षण असतं. कोणी अक्कांच्या हाताला धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. कोणी त्यांचा पेढा मोडून बारीक करून दिला. एका पुतणीने तर त्यांच्या पदराला कागद टाचला, त्यावर भगवानचा नंबर! अक्कांचे गाल थरथरत होते. मला माहीत आहे, तो राग होता. लोकांना वाटलं, तेही लक्षणच.

मला राहवेना. पाळणा हलवणाऱ्या बायका थांबवल्या आणि मी सगळ्यांसमोर उभी राहिले. आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नव्हते मी.

"सगळ्यांनी ऐका. अक्कांना काहीही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. चूक माझी आहे. मीच चुकीचं ऐकलं, मीच चुकीचं लिहिलं, आणि मीच ग्रुपवर टाकलं. अक्कांची आठवण आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे."

मला वाटलं, सुटले. आता जो काय राग यायचा तो माझ्यावर येईल.

शिरपूरच्या काकू उठल्या. माझ्याजवळ आल्या. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

"पाहिलं का? भावजय असावी तर अशी! बिचारी सगळं स्वतःवर घेऊन राहिली, पण नणंदेला कमीपणा येऊ दिला नाही!"

"नाही हो काकू, खरंच माझी चूक..."

"हो गं बाई, हो." काकूंनी मला पोटाशी धरलं. "आम्हाला कळतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर हे उदबत्तीच्या धुराने लाल झालेले डोळे रुमालाने पुसत म्हणाले, "मंदा म्हणते ते खरं आहे, अक्का ठणठणीत आहे." त्यांचे ते डोळे बघून तर दोनतीन जणी हुंदकेच द्यायला लागल्या.

मी पुन्हा तोंड उघडलं. वही आणून दाखवते म्हटलं. एक शे आणि एकशे, दोन्ही बोलून दाखवते म्हटलं.

तेवढ्यात अक्कांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "मंदा, आते तू काहीच बोलू नको. तू जितलं बोलशी, तितली मी येडी ठरसू."

तेव्हापासून मी गप्प आहे. सगळ्या नात्यात माझं नाव गुणी भावजय म्हणून घेतलं जातं आणि ते ऐकताना मला तोंड लपवायला जागा पुरत नाही. एवढंसुद्धा फक्त तुम्हालाच सांगितलं, तुम्ही घरातले नाहीत म्हणून.

तुम्हाला तरी पटलं ना, की चूक माझी होती?

का तुम्हीही मनात म्हणताय, किती सांभाळून घेते बिचारी?